मूठभर नागली

वरोर,
१८ नोव्हेंबर १९६२

प्रिय चंद्रा,

पत्र लांब आहे, कामं उरकून सावकाश वाच. मालधक्क्यावरच्या पावत्यांपलीकडे मला लिहायची सवय नाही, हे तुला ठाऊक आहे. भीमाभावोजींचं कार्ड मिळालं. त्यातल्या बातमीबद्दल शेवटी लिहितो. आधी बायजीबद्दल.

बाबा गेले त्या दुपारी ते शेवटचं बोलले, ते आपण दोघांनीच ऐकलं. ‘बायजीला कळव.’ तू माझ्याकडे पाहिलंस, मी भिंतीकडे. बाराव्यानंतर सासरी सातपाटीला निघताना तू ओट्यावर म्हणालीस, ‘दादा, दरवर्षी सुक्या बोंबलांचं गाठोडं घेऊन ते डोंगरात कुणाकडे जात होते ते आता कळलं. आईनं जन्मभर गप्प राहून काढलं. मला या घरात पुन्हा बोलावू नकोस.’ पण निरोप पोचवायचा होता, आणि बाबा तुझ्या मनातून असे उतरलेले मला बघवत नव्हते.

शेजारच्या जमुनाकाकूला विचारलं तर ती मासळी पालटता पालटता हसली. म्हणाली, तुझ्या बापाला डोंगराचं वारं लहानपणापासून लागलेलं, मला काय विचारतोस? मग मालधक्क्यावरची पाळी संपली की मी डहाणूच्या कचेरीत जाऊ लागलो. तिथले रेकॉर्डवाले सावे मोठे बोलघेवडे. माझं म्हणणं ऐकून ते चष्म्यावरून बघत म्हणाले, बाप गेला की पोरं जमीन शोधत येतात हो, बाई शोधत आलेले तुम्ही पहिलेच. सगळी खोली हसली. मलाही हसू आलं, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. सावे म्हणाले, नातं असेल तर गावच्या जन्ममृत्यूच्या बुकात निघेल, तिथूनच सुरू करू.

जुनी बुकं सगळी मोडी लिपीत. ते वाचायचे, मी ऐकायचो, आणि मधून मधून त्यांच्यासाठी चहा आणायचो. बाबांच्या जन्माच्या सुमाराची बुकं आम्ही काढली. आजोबांच्या नावावर तीन मुलं जन्मलेली सापडली, आणि तिन्ही गेलेली. आजीनं कधी सांगितलं होतं का आपल्याला? चौथ्या मुलाचं नाव भिका, आणि पुढे पाटलानं शेरा मारलेला: ‘मूल बायजी, राहणार उधवा, हिने घेतले.’ बाबांचं मोतीराम हे नाव कुठेच नाही. सावे म्हणाले, राहून गेली असेल नोंद, पाटील काय सगळं लिहीत होते? मला वाटलं, सापडलं. बाबांना भाऊ होता, आजीनं तो डोंगरात देऊन टाकला, आणि बाबा दरवर्षी भावाला भेटायला जायचे. त्या दिवशी स्टेशनबाहेर मी दोन पुड्या भजी घेतली आणि दोन्ही एकट्यानं खाल्ली.

पुढच्या रविवारी उधव्याला जायचं ठरवलं. त्याआधी, कुठला पाडा ते कळावं म्हणून, तलासरीच्या कचेरीत गेलो. महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्यं झाली तेव्हा उंबरगावाहून आलेली दप्तरं तिथे अजून बांधलेलीच होती. कारकून म्हणाला, ही मी सोडेपर्यंत तुम्ही उधव्याला जाऊन याल, तिथे कुणालाही विचारा.

रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून बाबांसारखंच बोंबलांचं गाठोडं बांधून घेतलं. चारोटीवरून एसटीनं तलासरी, पुढे पायी. भात कापून झालेलं, खळ्यांवर माणसंच माणसं. पहिल्याच पाड्यात नागली पाखडणाऱ्या एका तरुण बाईनं मान वर करून हवेचा वास घेतला आणि आत ओरडली, ‘आजे, भिकाचे बोंबील आले! यंदा उशीर केलान म्हाताऱ्यानं!’ मी म्हटलं, मी त्या भिकालाच भेटायला आलोय, कुठे राहतो तो? ती माझ्याकडे बघत राहिली आणि एवढी हसली की सूप खाली ठेवावं लागलं. म्हणाली, तोंड भिकाचं घेऊन आलास आणि मला विचारतोस भिका कुठे राहतो?

चंद्रा, भिका म्हणजे आपले बाबा.

बायजी ओसरीवर बसली होती. दिसत नाही तिला आता. तिनं माझे कान चाचपले, आणि कान धरूनच मला खाली बसवलं. मग सगळं सांगितलं. तीन मुलं गेल्यावर चौथं झालं तेव्हा आजीनं ते सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं. लाकडाची मोळी देऊन मासळी न्यायला बायजी वरोरला आली होती, नवी लग्न झालेली पोर. आजी तिला म्हणाली, माझ्याकडे जगत नाहीत, तू घे. बायजीनं कनवटीची मूठभर नागली सुपात टाकली, मूल उचललं, त्याला आपल्यातलं नाव दिलं आणि दूध पाजायला आजीच्याच मांडीवर ठेवलं. म्हणजे मूल तिचं, आजी नुसती सांभाळणारी. मोतीराम हे नाव शाळेत घालताना पडलं. असा सौदा घरात बोलून दाखवला की मोडतो म्हणतात, म्हणून आजी गप्प, आई गप्प आणि बाबाही. आता आठवतं बघ, बाजारात कुणी भिका म्हणून हाक मारली की बाबांची मान वळायची.

मग मला बाबा गेल्याचा निरोप द्यावा लागला. तिनं माझा हात धरला. नंतर विचारलं, जाताना जेवला होता का? मी म्हटलं, पेज घेतली होती. तेव्हा तिनं डोळे पुसले आणि दात नसलेल्या तोंडानं हसली. म्हणाली, ‘मूठभर नागलीत घेतलेला, आणि बघ किती टिकला. भाव काही वाईट नाही पडला.’ सगळा पाडा रडता रडता हसला. त्यांनी ते बोंबील तिथेच रांधले आणि नव्या भातासोबत मला पोट फुटेस्तोवर वाढलं. तिचा मुलगा सुकऱ्या म्हणजे आपला काका. ती हसणारी जिवली त्याची मुलगी. तिनं मला ‘दादा’ म्हणायला सुरुवातही केली, आणि तुझ्यापेक्षा जास्त धाकात ठेवते.

आता भावोजींच्या कार्डाबद्दल. तुला फाल्गुनात दिवस भरतात आणि तू कुणाला सांगू देत नाहीस, असं त्यांनी लिहिलंय. आधीची दोन्ही बाळं हातची गेली म्हणून तू भितेस, हे त्यांनी लिहिलं नाही, पण मला कळतं. मी बायजीला सांगितलं. विचारून सांगायला हवं होतं, पण सांगून बसलो. ती म्हणाली, पोरीला बाळंतपणाला वरोरलाच आण. मला चालवत नाही, पण जिवली येईल, आणि मूल माझ्या नावानं घेईल. नाव मी ठेवणार, आवडलं नाही तर शाळेत दुसरं घाला. यंदाच्या पिकातली मूठभर नागली त्यांनी माझ्यासमोर फडक्यात बांधून आढ्याला लावली आहे. तिला कुणी हात लावायचा नाही. सूप आपल्या घरात आहेच, आजीचं. काल उतरवून मी शेणानं सारवून ठेवलंय. तू ये.

तुझी वाट बघणारा, तुझाच
सदानंददादा