परासरणात मोडलेल्या दाराचा खुलासा

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
शाळा कार्यालय, तळमजला.

विषय: जीवशास्त्राच्या वर्गाचे दार मोडल्याचा खुलासा, तसेच रसायनशास्त्राच्या बाईंच्या तासाबाबत विनंती.
संदर्भ: दार कसे मोडले हे लेखी विचारणारे आपले कालचे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयी सादर की, अर्जदार या शाळेत बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवीत असून पेशी, ऊती, केंद्रक इत्यादी संज्ञा व्याख्येसह दहा वेळा लिहून घेण्याची त्याची पद्धत आहे. तीबद्दल आजवर एकाही पालकाची तक्रार नाही. अर्जदार स्वतःही याच शाळेत नववीतल्या एका मुलीचा पालक आहे.

२. यंदा रसायनशास्त्राला नव्या बाई रुजू झाल्या. त्या मुलांना बाकावरून उठवतात. नुसते शेजारी उभे राहिले की मिश्रण, हात घट्ट धरले की संयुग, आणि दोघांचे हात चटकन जुळवून देऊन जो स्वतः होता तसा बाजूला होतो तो उत्प्रेरक, असे त्यांचे शिकवणे. भिंत पातळ असल्याने तिथले हसणे अर्जदाराच्या वर्गात येते. अर्जदाराच्या पोटात दुखते, असे शिक्षकखोलीत बोलले जाते. मत्सराचे इंद्रिय पोटात नसते, एवढेच येथे नमूद करावेसे वाटते.

३. अर्जदाराची मुलगी पूर्वी जेवताना त्याला अवघड शब्द विचारायची. हल्ली ती पाण्यात मीठ ढवळून द्राव्य कोण नि द्रावक कोण हे आईला समजावत बसते. अर्जदाराने मध्येच पेशीभित्तिका कुठल्या पेशीत असते असे विचारले. तिने अचूक उत्तर दिले आणि पुन्हा मिठाकडे वळली. आपले काय चुकते असे विचारता ती म्हणाली, "बाबा, तुमचे शब्द मला येतात. बाईंचे आवडतात." पिकते तिथे विकत नाही हे खरे, पण अर्जदाराला त्या दिवशी घास गेला नाही.

४. सबब अर्जदाराने परवा नववीच्या तासाला परासरण करून दाखवायचे ठरवले. अर्धवट उघडे दार हे निवडक्षम पारपटल, म्हणजे पाण्याला वाट देणारा नि साखरेला अडवणारा पडदा; बाहेर व्हरांड्यात किरकोळ अंगाची मुले म्हणजे पाणी, आत थोराड मुले म्हणजे साखर. व्याख्येप्रमाणे पाण्याने आत यायचे होते, साखरेने जागा सोडायची नव्हती. तोच शेजारी बाईंनी टाळी वाजवली आणि साखर नि पाणी दोन्ही एकदमच तिकडे धावले. दार खालच्या बिजागरीवर लोंबकळू लागले. सर्वांत पुढे अर्जदाराची मुलगी होती. कोणालाही इजा झाली नाही. अर्जदाराला वाईट वाटले, ते दाराचे नव्हे.

५. बाईंचा वर्ग इमारतीच्या दुसऱ्या टोकाला हलवावा, असे आधी लिहिले होते. परंतु हसणे ऐकूच आले नाही, तर तिथे काय चालले असेल या विचाराने अर्जदाराचा जीव आणखीच खालीवर होईल. तरी ती मागणी खोडली आहे. त्याऐवजी नववीच्या रसायनशास्त्राच्या तासाला अर्जदारास मागच्या बाकावर बसण्याची परवानगी मिळावी. बाईंना ते निरीक्षण म्हणून कळवावे. मुलीला आधी कळवू नये, ती नको म्हणेल. वर्गात हसताना ती कशी दिसते हे अर्जदाराला अद्याप माहीत नाही.

आपल्या होकाराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
जीवशास्त्र शिक्षक

दिनांक: सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी
सोबत: वरची बिजागरी, निखळलेली.