दहाव्याला दिलेला शब्द

३ फेब्रुवारी, मंगळवार
आज सुलभाचा दहावा. सकाळी आठला घाटावर. मी, मुलगी मुग्धा, सु.चा धाकटा भाऊ विलास आणि नातेवाईक, असे बारा-तेरा जण. पिंड ठेवून दीड तास झाला तरी कावळा शिवेना. समोर झाडावर पाच-सहा बसलेले. विलास हात जोडून म्हणाला, "ताई, मुग्धाचं लग्न थाटात करू." मुग्धा पुटपुटली, "हे आई कधी म्हणाली होती?" सु.ला आवडायचे म्हणून बटाटेवडे आणून ठेवले. तरी नाही. गुरुजी घड्याळाकडे बघत म्हणाले, "यजमान, आता तुम्हीच बोला. तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार?" मागे दुसरं कुटुंब ताटकळलेलं. सव्वीस वर्षांत तिने काय मागितलं, मला एकही गोष्ट आठवेना. आणि तोंडातून गेलं, "गुजरातची पोस्ट मी घेणार नाही."

कावळा आला. नुसता आला नाही, चोच घातली.

विलास: "बघा! ताईचा जीव यातच अडकला होता." मग जरा थांबून, "कुठली पोस्ट हो, भाऊजी?"

४ फेब्रुवारी
नीट लिहून काढतो. कंपनीच्या गुजरातच्या नव्या प्लांटचा प्रमुख म्हणून माझं नाव निघालंय. हडपसरला एकोणीस वर्षं काढली ती याच्यासाठी. पत्र फोनवर आलं तेव्हा सु. दवाखान्यात होती. बाहेर जिन्यात उभं राहून दोनदा वाचलं. फार आनंद झाला. आत गेल्यावर तिने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, काही नाही. तीन दिवसांनी ती गेली.

म्हणजे तिला ठाऊकच नव्हतं. मग जीव त्यात अडकेल कसा?

उत्तर १० तारखेपर्यंत द्यायचंय.

६ फेब्रुवारी, शुक्र.
तेरावा. गोडाचं जेवण. विलास प्रत्येक पंगतीत सांगत होता, "भाऊजींनी बढतीवर पाणी सोडलं." मला बाजूला घेऊन, "कंपनीला कळवलंत ना? एवढ्या लोकांसमोर शब्द दिलाय." त्याच्या सासूबाई म्हणाल्या, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. मी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. तिसऱ्या केमोला मी ऑडिट आहे म्हणून गेलो नव्हतो. यांतल्या कोणालाही ते माहीत नाही.

७ फेब्रुवारी
मला ती पोस्ट हवी आहे. इथे तरी खरं लिहू दे.

दोन आठवडेही झाले नाहीत आणि आज आंघोळ करताना ठरवत होतो की हडपसरहून बरोबर कोणाकोणाला न्यायचं. लाज वाटली. तरी टॉवेल घेईपर्यंत तीन नावं ठरली होती. नाही घेतली तर रोज सकाळी उठून कशासाठी आवरायचं? आणि घेतली तर

नाही जमत लिहायला.

८ फेब्रुवारी, रवि.
मुग्धाला विचारलं, शब्द मोडला तर आईला काय वाटेल.
"बाबा, इट्स अ बर्ड. त्याला भूक लागली होती."
उठली, परत बसली. मग म्हणाली, "आईला पत्राचं माहीत होतं. तुमचा फोन तिच्या उशाशी राहिला होता."
"काय म्हणाली?"
"म्हणाली, सांगत नाहीत म्हणजे घ्यायचीय. मी जायची वाट बघतायत."
मुग्धाला रडू फुटलं. "रागावून नाही हो बाबा. हसत होती. मी म्हटलं, तू विचार ना त्यांना. तर म्हणाली, कशाला, नको म्हणतील आणि जन्मभर तोंड पाडून बसतील. आणि घेतली तरी..."
"घेतली तरी काय?"
"सोडा ना."
मी सोडलं नाही.
"घेतली तरी पेढे संपायच्या आत तोंड पडेल."

९ फेब्रुवारी
मॅनेजर झालो तेव्हा तिने सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले होते. तिसऱ्या दिवशी जेवताना मी म्हणालो, माझ्याबरोबर लागलेल्या पाटणकरला हे दोन वर्षं आधी मिळालं. तिने पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. त्यानंतर "खूश आहात ना?" असं तिने मला कधी विचारलं नाही. हे आज लक्षात आलं, विचारणारी गेल्यावर.

ती कशानेही खूश व्हायची. मंडईत कोवळी गवार मिळाली तरी. मी समजायचो, हिला पुढे जायची इच्छाच नाही.

"मी जायची वाट बघतायत." हे खोटं आहे असं लिहायला पेन उचललं होतं.

१० फेब्रुवारी, मंगळ.
मुग्धा सकाळच्या विमानाने बंगलोरला गेली. दारात म्हणाली, "काहीही ठरवा, पण आईच्या नावावर ढकलू नका." साहेबांचा फोन. "परिस्थितीची कल्पना आहे हो, पण सहापर्यंत कळवाच." होकाराचा मेल लिहिला. वाचला. पुसून नकाराचा लिहिला. वाचला. दोन्हींत "कौटुंबिक कारणामुळे" आलं होतं. दोन्हीकडे मी तिलाच पुढे केलं होतं. ते शब्द काढले तर दोन्ही मेलमध्ये सांगण्यासारखं काही उरेना.

सहा वाजून गेले, मेल कुठलाच गेला नाही. कपड्यांचं मशीन थांबलं होतं म्हणून धुणं घेऊन गॅलरीत गेलो. आत फोन वाजत होता. साहेबच असणार. हात ओले होते. मोठ्या चादरीचं दुसरं टोक धरायला कोणी नाही, तेव्हा ती दोरीवर तशीच टाकली आणि एकेक बाजू ओढत सरळ केली.