रशीदाच्या फातिहाला वाचायचं पत्र

देरा, दुबई
फेब्रुवारी १९६९

प्रिय हमदुल्ला,

अस्सलामु अलैकुम.

धप्, धप्, धप्. मग एका श्वासाची रिकामी जागा. पुन्हा धप्, धप्, धप्. ओळखलास का आवाज? आमच्या दाभोळच्या घरामागं रशीदा भात कांडायची तो. तीन ठोके, आणि त्या रिकाम्या जागेत कवितेची एक ओळ. शाळेत आपण दोघं जायचो, पण कविता पाठ व्हायच्या तिला. मी संध्याकाळी ओट्यावर बसून घोकत असलो की मागून मुसळ चालायचं आणि मी अडखळलो की पुढचा शब्द तिकडून यायचा. पटवर्धन मास्तर एकदा हे ऐकून हसले होते. म्हणाले, ‘‘युसुफ, तुझ्या बहिणीचं मुसळ तुझ्यापेक्षा मात्रा बरोबर मोजतं रे!’’ तू तेव्हा माझ्याशेजारीच उभा होतास. तूही हसलास.

दरवर्षीसारखं हेही पत्र रशीदाच्या फातिहाला, गेलेल्या माणसासाठीच्या दुआला, तुझ्या अंगणात सगळ्यांसमोर वाचलं जाईल. तुझी नजर अधू झाल्यापासून मोहिद्दीन मास्तर वाचतात, हे मला ठाऊक आहे. मास्तर, यंदा पत्र लांबलंय, माफी असावी. घाई करू नका, आणि मधे काहीही आलं तरी थांबू नका. एवढी एका म्हाताऱ्याची विनंती. पोस्टावर माझा भरवसा नाही म्हणून माझ्या हारुनच्याच हाती पाठवलंय. तो तिथं बसला असेल, त्याला पाणी द्या. बोटीच्या प्रवासानं पोरगं सुकलं असेल.

हमदुल्ला, माझा वेळ आता आठवणींतच जातो. खाडीवर जाऊन बसतो, समोर अबरा होड्या इकडून तिकडे जात असतात, आणि डोळ्यांपुढं आपली खाडी येते. आमची मैमुनाबी म्हणते, ‘‘तुम्ही राहता देऱ्यात आणि झोपता दाभोळात.’’ खरंच आहे. परवा तर सकाळी उठून मी शाळेची पिशवी शोधत होतो! आपली ती वक्तृत्वाची चढाओढ आठवते? मास्तरांनी अमेरिकेच्या इतिहासातला विषय काढला होता. तिथं भाऊभाऊ लढले, त्याच्या आधीचं भांडण. माणसाला माणसाचा मालक होता येतं का, आणि एका राज्यातला रिवाज दुसऱ्या राज्यानं मोडावा का. मला उत्तरेची बाजू दिली, तुला दक्षिणेची. मी माणुसकीवर एक लांबलचक वाक्य सुरू केलं आणि त्याच्या मध्यावर गप्प झालो. तू मात्र छाती काढून उभा राहिलास आणि म्हणालास, ‘‘ज्याच्या अंगणात जे चालतं, ते त्यानंच ठरवावं. शेजाऱ्यानं कुंपणावरून डोकावू नये.’’ वर्ग टाळ्यांनी दणाणला. बक्षिसाची पितळी दौत तू घरी नेलीस. खिडकीबाहेर चिमुरडी रशीदा उभी होती. घरी येऊन तिनं तुझी हुबेहूब नक्कल केली, छाती काढून, नाकातून सूर लावून. अम्मा पोट धरून हसली होती.

आता इकडची खबर. इंग्रज जाणार हे त्यांनीच गेल्या साली सांगून टाकलं. तेव्हापासून किनाऱ्यावरचे नऊ शेख एक होण्याच्या गोष्टी करतायत, आणि आमच्या इथं चहाच्या प्रत्येक पेल्यात तेच ढवळलं जातंय. मोठं कोण, पहिली खुर्ची कोणाची, एकाचा कायदा दुसऱ्यानं का मानावा. एक म्हातारा अरब परवा म्हणाला, ‘‘हबीबी, अजून निकाह ठरला नाही आणि यांचं भांड्यांवरून सुरू झालं!’’ हसतात सगळे, पण मनात धास्ती आहे. मागं दोन शेजारी बंदरांत बंदुका चालल्या होत्या, ते म्हातारे अजून विसरलेले नाहीत. आणि या सगळ्या भांडणाच्या तळाशी एक गोष्ट आहे, जी मोठ्यानं कोणी बोलत नाही. माणसांची खरेदीविक्री बंद असल्याचं कागदावर येऊन काही वर्षं झाली. पण घरांघरांतून जुनी माणसं राहिलीच. कुठं जातील बिचारी? त्यातलं कोणी एका बंदरातून दुसऱ्यात पळून आलं तर परत द्यायचं की नाही?

नेमका हाच सवाल यंदाच्या हिवाळ्याच्या तोंडाशी माझ्या मालकाच्या, आमच्या अरब शेठच्या मजलिसीत, बैठकीत आला, आणि नेमका तू तेव्हा माझा पाहुणा होतास. जमलेल्यांना हे सांगायला हवं, कारण तू गावी जाऊन सांगितलं नसशील. वरच्या एका बंदरातून मबरूका नावाची एक म्हातारी पळून आली होती. शेठच्या बायकोनं तिला स्वयंपाकघरात आसरा दिला. मालकाची माणसं न्यायला आली. म्हणाली, ‘‘बाई आमच्या घरची आहे. आमचं मीठ खाल्लंय तिनं. आमच्या घरचं आम्ही पाहू.’’ शेठचा तरणा पुतण्या उसळला, ‘‘माणूस म्हणजे शेळी आहे का, हद्द ओलांडली की कान धरून परत हाकलायची?’’ आवाज चढले. शेठ सगळ्यांची मतं घेत होता. पाहुण्याचा मान म्हणून त्यानं तुलाही विचारलं. तू हिंदुस्थानीत बोललास, आणि इतकी वर्षं मी इथं दुभाष्याचं काम केलेलं, म्हणून तुझं बोलणं अरबीत करून सांगायचं माझ्याकडे आलं. तू छाती काढलीस. आणि काय बोललास, हमदुल्ला? ‘‘ज्याच्या अंगणात जे चालतं, ते त्यानंच ठरवावं. बाई परत द्या, खलास. एका म्हातारीपायी भावाभावांत रक्त सांडू नका.’’ शाळेतलंच वाक्य! मला इतकी गंमत वाटली की ते अरबीत करताना मी थोडी सजावटसुद्धा केली. मालकाच्या माणसांनी तुझ्या हाताचं चुंबन घेतलं. शेठ म्हणाला, निकाल रमजाननंतर. त्या दुपारी तू माझ्या घरी सुरमई खाल्लीस, आणि मैमुनाबीच्या सांदणांची तारीफ करत पुन्हा पुन्हा वाढून घेतलीस.

सुरमईवरून अम्मा आठवली. तुला माहीतच आहे, रशीदा गेल्यापासून अम्मानं मरेपर्यंत मासळी तोंडात घातली नाही. दाभोळात राहून! म्हणायची, ‘‘ज्या पाण्यानं माझी पोर घेतली, त्या पाण्यातलं मला काही नको.’’ मोत्यांचा धंदा बसला त्या सालची गोष्ट. मैमुनाबीचं पहिलं बाळंतपण होतं, मी नव्यानं इकडे नोकरीला लागलो होतो, आणि विधवा होऊन घरी बसलेल्या रशीदाला मी मदतीला बोलावलं. तू तेव्हा फत्तेमारीचा तांडेल, तुझ्याच गलबतावरून. दुसऱ्या तांडेलाबरोबर अम्मानं तिला पाठवलीच नसती. मी धक्क्यावर उभा होतो. तू एकटाच उतरलास आणि माझ्या गळ्यात पडून रडलास. ‘‘वाटेत ताप आला, गेली,’’ म्हणालास. ‘‘मीच नमाज पढली, मीच हातांनी पाण्यात सोडली.’’ तुझे अश्रू माझ्या कानामागून ओघळले होते, त्यांची ऊब मला आजही आठवते. आणि तेव्हापासून दर साली तिची फातिहा तू तुझ्या अंगणात करतोस, पुढं बसून स्वतः पढतोस. सारा गाव म्हणतो, दोस्त असावा तर असा.

तू परत निघालास आणि रमजान तोंडावर आला. इथं रमजानात गहू-मांसाचा हरीस करायचा म्हणजे गहू कांडावे लागतात. घरोघरी बाया उखळाभोवती जमतात. मी शेठच्या घराच्या मागल्या भिंतीलगत सावलीला बसलो होतो, आणि भिंतीपलीकडून आवाज आला. धप्, धप्, धप्. मग एका श्वासाची जागा. मला वाटलं, पुन्हा मी जागेपणी दाभोळात गेलो. पण त्या रिकाम्या जागेत कोणीतरी बोललं. मराठी, फुटक्या भांड्यासारख्या घोगऱ्या आवाजात, पण मात्रा चोख.

लावा दारामध्ये दिवा, होडी खाडीत थांबली

पटवर्धन मास्तरांनी स्वतः रचून आपल्या वर्गाला शिकवलेली कविता. ती दाभोळच्या शाळेबाहेर कोणाला येणार? मी उठून भिंतीला कान लावला. मुसळ पुन्हा तीनदा पडलं आणि थांबलं. वाट पाहत थांबलं. मी भिंतीला तोंड लावून पुढची ओळ म्हणालो,

आले माहेराला बाई, वाट कितीही लांबली

पलीकडे मुसळ दगडावर पडल्याचा आवाज झाला.

मोहिद्दीन मास्तर, वाचा. थांबू नका. आणि कोणी हमदुल्लाला उठू देऊ नका. त्याला पाणी हवं असेल तर बसल्या जागी द्या.

मबरूका हे नाव मालकांनी दिलेलं, ती माझी रशीदा. तिला ताप आलाच नव्हता. पाणी भरायला फत्तेमारी त्या वरच्या बंदरात लागली, तेव्हा तू तिला म्हणालास, ‘‘उतर रशीदा, युसुफ इथंच आलाय.’’ खलाशी परगावचे होते, त्यांनाही तेच सांगितलंस. म्हणून कोणी काही विचारलं नाही. एका घरात नेऊन बसवलंस आणि निघालास. ती तुझ्या मागं धावली, तेव्हा दारातून वळून तू काय बोललास ते तिला शब्दन् शब्द पाठ आहे. ‘‘रडू नकोस. युसुफनंच दिलंय तुला.’’ हमदुल्ला, तू तिला विकलंस, ते एक वेळ मी अल्लावर सोडलं असतं. पण हे एक वाक्य! माझी बहीण इतकी वर्षं दुसऱ्याच्या घरचे गहू कांडताना दर ठोक्याला मला शिव्याशाप देत होती. मजलिसीच्या पडद्याआडून तिनं तुझं ते बक्षिसाचं वाक्य ऐकलं आणि तुला ओळखलं. लगेच ते वाक्य अरबीत सजवणारा माझा आवाजही ऐकला. तिला वाटलं, आले दोघं, पुन्हा एकदा द्यायला आले. तरी तिनं खात्री करायची ठरवली. मी रोज त्या भिंतीशी बसतो हे तिनं पाहून ठेवलं होतं. विकणाऱ्या भावाला कविता आठवणार नाही, असं तिला वाटलं.

शेठला सांगितलं. त्यानं मालकाच्या माणसांना एवढंच कळवलं, ‘‘ती माझ्या दुभाष्याची बहीण आहे. यल्ला, परत जा.’’ मग मला तुझं नरडं हवं होतं. म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात, मी झालो नाही. हारुन म्हणाला, ‘‘अब्बा, रीतसर करू.’’ तो एकेक ऑफिस हिंडला. इथले म्हणाले, ते बंदर आमच्या हद्दीत नाही. त्या बंदरातले म्हणाले, आमच्या घरच्या गोष्टीत पडू नका. इंग्रज म्हणाला, आम्ही तर निघालोच आहोत. मुंबईचा वकील म्हणाला, भर समुद्रावरचं आणि इतकं जुनं प्रकरण कुठल्या कोर्टात घालणार? प्रत्येकाचं अंगण वेगळं, आणि माझी बहीण कुणाच्याच अंगणात नाही. तेव्हा मला तुझं वाक्य पुन्हा आठवलं. ज्याच्या अंगणात जे चालतं, ते त्यानंच ठरवावं. मग म्हटलं, त्याचंच अंगण गाठू. तिथं दर साली सारी जमात जमते. पहिली खुर्ची त्याची. समोर उदबत्ती, मलिदा, आणि माझ्या बहिणीचं नाव.

झुबेदाभाभी, नवऱ्याच्या पापाचा राग माझा तुमच्यावर नाही. तुम्ही अम्माला शेवटपर्यंत जपलंत. तुम्ही आणि सुनांनी आत जायचं असेल तर आता जा. पण बाकी कोणी हलू नये.

हमदुल्ला, मी हे का लिहिलं ते आता सांगतो. मी रशीदाला विचारलं, तुला काय हवं? त्याच्या दाढीला हात घालायचाय? थुंकायचंय? ती म्हणाली, ‘‘भाई, तिथं माझी फातिहा होते ना? मला ती ऐकायचीय. त्यानं माझ्यासमोर माझ्यासाठी पढावी.’’ म्हणून हारुन एकटा आलेला नाही. त्याच्याबरोबर काळ्या अबायातली, तोंडावर इकडचा तो सोनेरी बुरखा घातलेली एक बाई आली आहे. तुझ्या कुंपणाबाहेर फणसाखाली ती बसून असेल. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पाहिलीही असेल, दुबईची कोणी पाहुणी म्हणून. इथून तिथवर ती एकच गोष्ट करत आली, ती म्हणजे चेहऱ्यावरचा बुरखा कधी काढायचा ते मनात ठरवत आली. मी तिला खूण दिली आहे. मोहिद्दीन मास्तर, आता शेवटची विनंती. खालची ओळ मोठ्यानं म्हणा, वर्गात म्हणता तशी, चालीवर. मग पत्र घडी करून ठेवा. पुढची ओळ मी लिहिलेली नाही, ती दारातून ऐकू येईल. आणि तुला, हमदुल्ला, तिच्यासमोर फातिहा पढावी लागेल, नाहीतर सगळ्यांसमोर सांगावं लागेल की का पढता येत नाही. अंगण तुझं आहे. ठरव.

तुझाच, कारण पत्राखाली लिहायला शाळेत शिकलेला दुसरा शब्द अजून सापडला नाही,

युसुफ

लावा दारामध्ये दिवा, होडी खाडीत थांबली