आपांना वास येत नाही

शुक्रवार, संध्याकाळ. अकोला.

दुपारी मसाल्याच्या खोलीत पाऊल टाकलं आणि गॅसच्या वासाने गुदमरलेच. शेगडीचं बटण उघडं राहिलेलं. नफीसा आपा शेगडीपुढे निवांत उभ्या, हातात लायटर. मी किंचाळले, "आपा, लायटर खाली ठेवा!"

"काहून ओरडून राहिली?" त्यांनी विचारलं.

तो लायटर डोळ्यांपुढून जात नाही.

गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, बाहेर पायरीवर बसलो आणि मग मी बोललेच. पावसाळ्यात आपांना ताप आला, तेव्हापासून मसाला करपट लागतो. मूर्तिजापूरच्या दुकानदाराने पाकिटं परत केली, तेही मी लपवलं होतं. आमच्या भागीदारीत मसाला त्यांचा, विक्री माझी. त्यांच्या हाताला नावं ठेवायची हिंमत कुठून आणणार?

"तुमाले वास येत नाही न, आपा?"

"नाही येत. तापापासून. नुसत्या रंगावरून भाजून राहिली मी." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुले सांगतलं असतं, तं तू मले भागीदार ठेवलं असतं का?"

"काहीतरीच काय बोलता, आपा!"

त्या हसल्या नाहीत. उठून आत गेल्या.

एवढं सगळं खरं बोलले आणि नेमकं तिथेच उत्तर टाळलं. नुसतं हो म्हणायला काय झालं होतं मला? आपांच्या ते लक्षात आलं असणार.