भोक पाडलेला रुपया

शारजा, अल मजाज
२० ऑक्टोबर २०२४

ती. दर्शनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीआधी शाळेतून आलो की पांढऱ्या मोज्यांतच मागच्या पायरीवर बसून आपण आईची चांदीच्या रुपयांची माळ रांगोळीने घासायचो, आठवतं? घासायचीस तू. मी तांब्याने पाणी ओतायचे.

काल नात ओवीबरोबर इथल्या संग्रहालयात गेले. हजार वर्षांपूर्वी इकडचे चांदीचे दिरहम व्यापारातून पार उत्तरेला पोचले आणि तिथल्या व्हायकिंग बायकांनी भोकं पाडून ते गळ्यात घातले. ओवीने काचेला नाक लावून इंग्रजीत विचारलं, पैशाला भोक पाडलं की तो वाया जात नाही का?

मला तुझी माळ आठवली आणि पोटात दुखलं. लग्नात तुला अख्खी माळ, मला काळ्या दोऱ्यातला भोक पाडलेला एक रुपया. आता म्हणे माळ सूनबाई गिरिजाला देणार आहेस. अजमानला राहणारा आपला गाववाला सुदेश बोलून गेला. फोनवर मला नीट भांडता येत नाही, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देते. तो उद्या गावी निघतोय. माळ ओवीला मिळावी.

लोभ आहेच, गिरिजापेक्षा वाटीभर जास्त असावा.

तुझी समिधा


रत्नागिरी
४ नोव्हेंबर

चि. समिधास,
अ. उ. आ.

खजूर पोचले, भांडणही पोचलं. मत्सर कागदावर लिहिला की अक्षर तरी सुधारतं, असं शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या. तुझं सुधारलेलं नाही.

माळेच्या रुपयांना आईने सोनाराकडून कड्या डाखून घेतल्या, भोक एकालाही नाही. तुझा रुपया लक्ष्मीपूजनातला. तू एवढीशी होतीस, गोवराने फणफणलेली. दृष्ट काढून थकल्यावर आईने तो पूजेतून उचलला, भोक पाडून आणला आणि तुझ्या गळ्यात बांधला. भोक पडलेलं नाणं पुन्हा पूजेत चालत नाही, म्हणून आजी रागावली. आई म्हणाली, "माझी लक्ष्मी तापलीय, पूजा कुणाची करू?"

त्याच आठवड्यात मला गालगुंड झालं होतं. मला हळदीचा लेप मिळाला.

माळ मी एवढा जोर लावून का घासायचे, तुला काय कळणार. माळ हवी तर ने, गिरिजाची मी समजूत काढीन. पण तो रुपया मला दे.

राग धरलास तरी पातळच धर.

ताई


शारजा
१८ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रुपया गळ्यात घातला आणि दिवसभर उतरवला नाही. तुझा अजून हेवा वाटतो, पण आता कशाचा ते सांगता येत नाही.

माळ गिरिजालाच दे. तिने ती घालून मला फोटो मात्र पाठवू नये. ओवी मे महिन्यात येईल, तिला मागच्या पायरीवर बसवून माळ घासायला दे. पाणी तू ओत. रुपया सुदेशच्या खोलीतल्या तुकारामबरोबर पाठवते आहे. तो तुझा, तुझ्यानंतर ओवीचा.

दोरा गाठीपासून लांब कापून ठेवून घेतलाय. गाठ आईने मारलेली आहे. ती कुणालाच मिळणार नाही, तुलासुद्धा.

तुझीच, हट्टी,
समिधा