लॅपटॉप उघडायला द्यायचा की नाही

१२ मे, मंगळवार
मीटिंगमध्ये बोलता बोलता पुन्हा बंद! परत सुरू होईपर्यंत सगळे निघून गेलेले. साहेबांचा मेसेज: घरून जमत नसेल तर सोमवारपासून पुण्याला ऑफिसात या. मी पुण्याला गेले तर खुब्याचं हाड मोडून पडलेल्या आईचं इथे जळगावात कोण करणार? नवा घ्यावा तर सगळं ऑपरेशनला गेलं. हात धुवून मागे लागलाय हा म्हातारा लॅपटॉप.
दुपारी तापतो म्हणून बंद पडतो, हे आईनेच ठरवलं. महिनाभर तिचा कूलर त्याच्याकडे. "माले काय व्हस? मी ते पडेल शे. तिकडे फिराव." स्वतः पदराने वारा घेते. मेल्याहून मेल्यासारखं होतं, तरी फिरवते.

१३ मे
धुळ्याहून दादाचा फोन. रविवारी गाडी घेऊन येतो, आईला देवपूरला त्याच्या घरी नेतो. "रिपेअरच्या भानगडीत पडू नको. तू पुण्याला जा, सुटशील."
सुटशील म्हणे!
आईने ऐकलं. "माले नही जानं कोठेच." मग भिंतीकडे तोंड.

१४ मे
रिपेअरवाल्या इक्बालभाईंनी दुकानात लॅपटॉपचं खालचं झाकण काढलं. आत हिरवट थर. "ताई, कूलरसमोर ठेवता काय? ओल धरलीय सगळी." तापत होता तो पंख्यात कचरा अडकला म्हणून. साफ करून बघतो म्हणाले, पण आत्ता रडतखडत चालतोय, नंतर तेवढाही चालेल याची खात्री नाही. उद्या सांगते म्हटलं. लॅपटॉप तिथेच.
आईने विचारलं, "काय बोलना?" धूळ आहे म्हणाले, असं सांगितलं. बाईने महिनाभर उकाडा सोसला आणि त्यानेच... नाही सांगवत.

१५ मे
सकाळी आई आपणहून, "दादाले बलाव. मी जास धुयाले. तुन्ही नोकरी जाई."
दोन लुगडी काढून ठेव म्हणाली. नाही काढली. राग आला, कोणाचा ते कळेना. दाराबाहेर येऊन इक्बालभाईंना फोन केला: करा साफ.

१६ मे, शनिवार
दुकानातून काही कळलं नाही. मीही विचारलं नाही. भीती वाटते.
दादाला फोन केला, उद्या येऊ नकोस.
"चालू झाला का?"
नाही.
"मग?"
मग काय, ते मलाही माहीत नाही. येऊ नकोस, एवढंच म्हटलं. आई ऐकत होती.