शेजारची सीट

१४ ऑक्टोबर, सकाळ

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं सुखरूप आहोत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या जिवाला घोर नको. गाडीतळावरच्या धुलाईघरात बसलेय. कपडे मशीनमध्ये फिरताहेत. बाबा बाहेर आमच्या कॅरव्हॅनच्या पायरीवर चहा घेऊन बसलेत. आज त्यांच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलंय. ते मात्र दोनदा येऊन विचारून गेले, साबण पुरला का म्हणून.

छकुलीचा ताप उतरला ना? निघायच्या सकाळी अचानक चढला आणि तू तिची बॅग गाडीतून परत काढलीस. किती रडली पोर.

काल शहर पाहिलं. मी म्हणत होते, गाडी इथेच ठेवू, बसने जाऊ. अख्खं घर पाठीवर घेऊन जुन्या शहराच्या बोळांत कशाला शिरायचं? पण ऐकतील तर ते तुझे बाबा कसले. निघाल्यापासून त्यांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिलेला नाही. म्हणे, तू जन्मभर शाळेची व्हॅन चालवलीस, आता राणीसारखी शेजारी बस. मला बरं वाटलं होतं गं. मूर्ख मी.

पुलावरून उतरताना बाजूच्या रस्त्याने एक सायकलवाली आली. पिवळा कोट, लांबूनही दिसेल असा. मला वाटलं, बाबा वेग कमी करतील. त्यांनी केला नाही. मी किंचाळले तेव्हा ब्रेक लागला. मागे फळीवरचे डबे, कपबशा सगळं खाली आलं. ती बाई आमच्या काचेवर हात टेकून उभी राहिली, नुसती बाबांकडे बघत. मग निघून गेली. बाबा म्हणाले, मध्येच घुसली. मी म्हटलं, असेल.

मग किल्ला पाहिला. चित्रांचं संग्रहालय पाहिलं. प्रत्येक चित्रासमोर बाबा मान इकडून तिकडे, वरून खाली हळूहळू फिरवत होते. मला वाटलं, म्हातारपणी रसिकता फुटली.

चौकात मी कॉफी आणायला गेले. परत वळून बघते तर बाबा चालू लागलेले, एका परक्या बाईचा कोपर धरून. तिचा कोट माझ्यासारखाच निळा. तिला सांगत होते, दमलीस ना, पुढे बाक असेल. ती बिचारी भली. हात न सोडवता त्यांच्याबरोबर चालत होती आणि त्यांचं माणूस कुठे आहे ते मागे वळून शोधत होती. मी कॉफी तिथेच कठड्यावर ठेवली आणि धावले.

बाकावर बसवून त्यांना विचारलं, "किती दिसतं तुम्हाला?"

मग म्हणाले, "समोरचं दिसतं. बाजूचं गेलंय. नळीतून बघावं तसं."

आणि लगेच पुढे, "चिमणीवर रागावू नकोस. ती सांगा म्हणत होती. मीच शपथ घातली."

मग एकेक बाहेर पडलं. डॉक्टरांकडे तूच घेऊन गेलीस. गाडी चालवायची नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं.

त्यांचं मला कळतं. कळतं म्हणजे माफ केलं असं नव्हे. दिसतंय तोवर जग बघायचं आणि तेही स्वतः गाडी हाकत. घाबरलेला माणूस असा हट्टाला पेटतो. पण तू? शपथ मोडली म्हणून कुणी मरत नाही, चिमणे. ती सायकलवाली मेली असती.

आणि तो ताप. निघताना मी छकुलीच्या कपाळाचा पापा घेतला होता. कपाळ गार होतं. मला वाटलं, शाळा बुडू नये म्हणून तू थाप मारलीस, आणि आजी म्हणून मी तुझी बाजू सांभाळून घेतली. काल त्या बाकावर मला ते गार कपाळ आठवलं.

तुझ्या मुलीला तू त्या गाडीतून उतरवलंस. बरोबर केलंस. मीही तेच केलं असतं. पण मी तिथेच होते ना गं, डबे भरत. त्या सीटवर कोण बसणार हे तुला दिसत होतं. माझ्या बाजूची काच तू स्वतः पुसून दिलीस आणि म्हणालीस, "आई, मजा कर."

रात्रभर हेच डोक्यात घुमत होतं. आईचं काय, ती सांभाळून घेईल, असंच वाटलं ना तुला? की काहीच वाटलं नाही? यातलं जास्त वाईट कुठलं, ते मला ठरवता येत नाही.

किल्ली आता माझ्याकडे आहे. शहरातून गाडी मीच बाहेर काढली. बाबा शेजारी बसले, खिडकीकडे मान वळवून. आम्ही घरी येत नाही. त्यांना समुद्रापर्यंत जायचंय, तर मी नेईन. वाटेत उजवीकडे काय, डावीकडे काय, ते सांगावं लागेल. तेवढ्यापुरता अबोला सोडेन.

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी विरघळते, आणि मला इतक्यात विरघळायचं नाही.

छकुलीला खूप पापे. तुला काय लिहावं, ते अजून सुचत नाही.

तुझी,
आई